सुटली, परत बांध

डोळा लागतो न लागतो तोच पलंगाच्या पायथ्याशी कोणीतरी येऊन बसतं. गादी त्या बाजूला दबते आणि माझे पाय आपोआप तिकडे घसरतात.

भर दुपार आहे. रात्रभर कॅज्युअल्टीत उभी होते. सकाळी येऊन आंघोळ केली आणि ओल्या केसांनीच आडवी झाले. खिडकीला पडद्याच्या जागी जुनी चादर लावलीय, तिच्यावरची निळी फुलं उन्हामुळे भिंतीवर हलतायत. मोबाइल उशीखाली आहे. त्यात माझा पसंतीक्रम भरून ठेवलाय, तो आज संध्याकाळच्या आत लॉक करायचाय. एमबीबीएस झालं, इंटर्नशिप झाली, पीजीची प्रवेश परीक्षा झाली, रँकही बरा आला. आता कुठली शाखा हवी ते एकदाचं सांगून टाकायचं. म्हटलं तर तीन वर्षांचा प्रश्न, म्हटलं तर जन्माचा. पहिल्या क्रमांकावर सर्जरी, दुसऱ्यावर अॅनेस्थेशिया, म्हणजे भूल देण्याचं शास्त्र. कालपासून त्या लॉकच्या बटणावर माझं बोट जातं आणि परत येतं.

"काय करायलीस, कुलथे?"

डोळे न उघडता मला कळतं. मला आडनावानं हाक मारणारी एकच. मुलगी असून "मी येतो, मी जातो" असं बोलणारीही तीच. धनश्री चौगुले, गडहिंग्लजची. पहिल्या वर्षापासून माझी रूममेट. फायनल इयरच्या दिवाळीत घरी जाताना निपाणीच्या अलीकडे तिची जीप उलटली आणि ती गेली.

"झोपतेय," मी म्हणते.

"झोप की. मी कुठं काय म्हणतो."

मी डोळे उघडते. तिच्या अंगात तोच विटका हिरवा ड्रेस, ऑपरेशन थिएटरमधून ढापून आणलेला आणि रात्री झोपायला वापरलेला. ती तसूभरही बदललेली नाही. माझ्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आलीत, केस मुठीनं गळतायत, परवा एका पेशंटच्या आईनं मला "मावशी" म्हटलं. आणि हिचा चेहरा मात्र दहीभात खाऊन उठल्यासारखा गार, टवटवीत. मरूनही ही माझ्यापेक्षा बरी दिसते, हा पहिला विचार माझ्या मनात येतो. दुसरा विचारही काही फारसा वेगळा नसतो.

ती पलंगाच्या लोखंडी दांडीशी काहीतरी करतेय. तिथे माझे काळे दोरे आहेत. सर्जरीचं वेड लागलेल्या प्रत्येक पोराचा पलंग असाच ओळखायचा. थिएटरमध्ये उरलेला रेशमी दोरा खिशातून आणायचा, दांडीला अडकवायचा आणि अभ्यास करता करता, फोनवर बोलता बोलता गाठी बांधत बसायचं. टाक्याची गाठ हातानं बांधता यावी लागते. पहिला पेड एका दिशेनं, दुसरा उलट दिशेनं. मग ती धरते. दोन्ही पेड एकाच दिशेनं गेले तरी गाठ दिसायला अगदी तशीच दिसते, पण ओढली की घसरते. माझा दुसरा पेड हमखास त्याच दिशेला जातो. शांतपणे बसले तर नाही, पण घाई असली, कोणी बघत असलं, की जातोच.

धनश्री एक दोरा ओढते.

"सुटली."

दुसरा ओढते. "सुटली. परत बांध."

"तुला कोणी तपासायला बोलावलंय?"

"कुणी नाही. इकडनं चाललो होतो." तिसरा ओढते. "सुटली गं बाई. चार वरसं हेच करायलीस तू."

ती डावखुरी होती. सगळी हत्यारं उजव्या हातवाल्यांसाठी केलेली, त्यामुळे सर्जरीच्या इनामदार सरांनी सुरुवातीला तिला थिएटरमध्ये फार झापलं. महिन्याभरानंतर तेच सर दुसऱ्या युनिटच्या लोकांना हाका मारून बोलवायला लागले, "या, डावऱ्या हाताची गंमत बघा." मी शेजारी उभी राहून कात्री धरायचे. दोरे कापायचे. तिचे दोरे.

"रँक आला म्हणं तुझा," ती म्हणते.

"आला."

"बरा आला?"

"बरा आला."

"आणि मला काय आला असता?" विचारताना तिचे डोळे असे चमकतात की मला तिला खोलीबाहेर काढावंसं वाटतं.

"पहिल्या शंभरात असतीस म्हणतात."

"कोण म्हणतंय?"

"सगळेच. सर म्हणतात, वॉर्डनबाई म्हणतात. माझी आईसुद्धा म्हणते."

"तुझी आईसुद्धा?" ती गुडघे पोटाशी घेते. खूश होते. "लई भारी बाई आहे तुझी आई."

"परीक्षा न देता पहिल्या शंभरात येणारी तू एकटीच," मी म्हणते. "मी वर्षभर रात्री जागून दिली. पेपरच्या दिवशी ताप होता, तरी दिली. तुला काय गं, तुझा एकही प्रश्न चुकणार नाही आता. कधीच."

"ते आहे," ती म्हणते आणि ताट पुढे करते.

आम्ही मेसच्या रांगेत उभ्या आहोत. हातात स्टीलची ताटं, पायाखाली मात्र सभागृहातला लाल गालिचा. काउंटरपलीकडे धनश्रीची आई पदर खोचून उभी आहे, आमटी वाढायला. पातेल्यातून वाफ येतेय. माझी पाळी येते तेव्हा काकू पळी बुडवतात आणि माझ्या ताटात खणकन पदक वाढतात.

ते पदक मी ओळखते. फायनलच्या सर्जरीत पहिली आले म्हणून मिळालं ते. तिच्या घरच्यांनी ठेवलेलं, "कै. धनश्री चौगुले स्मृती सुवर्णपदक". त्याची पहिली मानकरी मी. चार वर्षं हिच्यामागे फरफटत धावले, आयुष्यात एकदा पहिली आले, तर त्या पदकावर नाव कोरलेलं हिचं. माझं नाव मागच्या बाजूला, बारीक अक्षरात, तेही रेवतीचं रेवथी केलेलं. आमच्या पप्पांचं संगमनेरला सोन्याचं दुकान आहे. त्यांनी ते डबीतून काढलं, हातावर तोललं, चष्मा लावून पुढून वाचलं आणि म्हणाले, "काम सुरेख आहे हो." मग मागून वाचलंच नाही.

समारंभात काकूंनी माझ्या गालावरून हात फिरवला होता. "तिलाच मिळालं असतं बघ," म्हणाल्या. त्यात वाईट काही नव्हतं. खरंच तिलाच मिळालं असतं. तेच तर मला सहन होत नाही.

"आई, हिला आणि वाढ," धनश्री मागून म्हणते. "उपाशी आहे ती. पहिल्यापासून."

"खा बाळा," काकू म्हणतात आणि आणखी एक पदक वाढतात. ताट जड होतं. मला दोन्ही हातांनी धरावं लागतं. मागच्या रांगेतले सगळे बघतायत, आणि बघतायत हिच्याकडेच.

"मेल्यावर तरी दुसरी यायचं होतंस," मी म्हणते.

ती मोठ्यानं हसते. तिचं हसणं मेसभर घुमतं आणि वरच्या ट्यूबलाइट्स एकेक करून लागतात. त्या गोल होत खाली येतात, आणि आता थिएटरचा मोठा दिवा आमच्या डोक्यावर आहे. ताट नाही, ट्रे आहे. समोरच्या टेबलावर हिरव्या कापडाखाली कोणीतरी झोपलंय. इनामदार सर पलीकडे उभे आहेत, मास्कच्या वर त्यांच्या जाड भुवया तेवढ्या दिसतायत.

"धनश्री, बांध," सर माझ्याकडे बघून म्हणतात.

"सर, मी रेवती."

"हो हो. बांध, धनश्री."

मी पहिला पेड टाकते. दुसरा टाकते. सर ओढतात. सुटते.

"ती असती तर," सर दिव्याकडे बघत म्हणतात आणि वाक्य अर्धंच सोडतात. ते जागेपणीही असंच अर्धं सोडतात. मी पुन्हा बांधते, पुन्हा सुटते. घामानं मास्क ओला होतो. कोणीतरी मला कोपरानं हळूच बाजूला सारतं. ही. हिच्या अंगात माझा एप्रन आहे, खिशावर माझंच नाव असलेला. हिचा डावा हात चालतो आणि गाठी पडत जातात. एक, आणखी एक. सर तृप्त होऊन मान डोलावतात. माझ्या हातात कात्री आहे.

"हे बघ," ती काम न थांबवता म्हणते, "तू पहिली पसंती सर्जरीच भरलीस नव्हं? झकास केलंस. पहिल्या वर्षी सगळी मरमर तू कर. वॉर्ड, ड्रेसिंग, सलाइन, शिव्या खाणं. मी बघत बसतो. दुसऱ्या वर्षी हर्निया, अपेंडिक्स आले की मी येतो. तिसऱ्या वर्षी मोठ्या केसेस. परीक्षेला दोघी बसू."

"दोघी कशा बसणार?"

"खुळी हैस काय? तू माझ्यासाठीच तर घ्यायलीस सर्जरी. मी घेतली असती म्हणून. मग मला नको का यायला?"

मी कात्री ट्रेमध्ये ठेवते. आवाज होतो. कोणी वळून बघत नाही. मला तीन वर्षं दिसतात, स्वच्छ. रोज सकाळी हिचा एप्रन होऊन उठायचं, रोज गाठ सुटली की ऐकायचं, ती असती तर. आणि सुटली नाही तरीही तेच, ही बघ, अगदी धनश्रीसारखी. पुढे दवाखाना काढला तर पाटीवरही माझं नाव मागच्या बाजूला येईल.

"तुझ्यासाठी नाही," मी म्हणते. "तुझ्यापुढे जायला घेतेय."

"मेलेल्याच्या पुढं कसं जायचं असतं गं?" ती खरंच विचारते, शंका विचारावी तशी. मग हातमोजे काढते. "दमलो जरा. सरक."

टेबल रिकामं आहे. ती त्यावर चढून आडवी होते, गडहिंग्लजहून रात्रभर प्रवास करून आल्यावर पलंगावर पडायची तशीच. सर नाहीत, सिस्टर नाहीत. मी तिच्या डोक्याशी उभी आहे. इथून तिचा चेहरा उलटा दिसतो. कपाळ खाली, हनुवटी वर.

या जागेवर मी यापूर्वी उभी राहिलेय. इंटर्नशिपमध्ये भूलशास्त्राच्या पाटणकर मॅडमच्या हाताखाली होते, तेव्हा रोज इथेच असायचे. बाकी सगळे पोटाभोवती गर्दी करून उभे, आणि इथे डोक्याशी मी, मॅडम आणि एका माणसाचा श्वास. मला फार आवडायचं. हे मी कोणालाच सांगितलं नाही. आईला एकदा चाचपून पाहिलं होतं. ती म्हणाली, "भूल देणाऱ्यांना लोक ओळखत नाहीत गं. आभार सर्जनचेच मानतात." तिचं काही चुकलं नाही. ओळखावं असं मलाही वाटतंच.

"बघायलीस काय नुसती," धनश्री खालून म्हणते. "श्वास नाही मला."

खरंच नाही. छाती हलत नाहीये. माझे हात माझ्याआधी कामाला लागतात. डाव्या हातानं श्वास द्यायचा मास्क तिच्या नाकातोंडावर बसवते, अंगठा आणि तर्जनी मास्कवर, बाकीची बोटं जबड्याखाली, आणि जबडा वर उचलते. उजव्या हातानं मास्कला जोडलेली हवेची बॅग दाबते. तिची छाती वर येते. सोडते, खाली जाते. मास्कच्या कडेनं कुठेही हवा गळत नाही.

मास्कखालून तिचा आवाज स्वच्छ येतो.

"आठवतंय? थर्ड इयरला इथं पोस्टिंग होतं आपलं."

आठवतं. मॅडमनी आधी मास्क तिला धरायला दिला होता, कारण सगळं आधी तिलाच द्यायचे. कडेनं फुसफुस हवा गेली. तिनं घट्ट दाबला, आणखी गेली. मॅडमनी तिचा हात काढला आणि माझा ठेवला. पेशंटची छाती अलगद वर आली. "हं. हात बरा आहे," एवढंच मॅडम म्हणाल्या. त्यानंतर धनश्री पित्त झालंय म्हणून खोलीवर निघून गेली. संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही. मी तिला कोकम सरबत करून दिलं होतं. तिनं ते खिडकीत ठेवलं आणि तसंच राहू दिलं.

"मला पित्त झालं नव्हतं," ती म्हणते.

मी बॅग दाबते. सोडते.

"मी जळलो होतो तुझ्यावर. असं जळलो होतो की तुझ्या त्या सरबताकडं बघवंना मला. नंतर दोनदा गुपचूप जाऊन बघितलं, मॅडमना विचारून. नाहीच जमलं. ह्या हाताला नाहीच जमलं ते." डावा हात टेबलावरून खाली लोंबतोय. "कुणाला कळू नये म्हणून सर्जरी सर्जरी करत सुटलो."

मला इतका आनंद होतो की लाज वाटायला हवी. वाटत नाही. गावभर हलगी लावून सांगावंसं वाटतं. धनश्री चौगुले माझ्यावर जळत होती. माझ्यावर!

"परत म्हण," मी म्हणते.

"एकदाच असतंय ते."

"परत म्हण ना."

"तू बॅग दाब. थांबलीस बघ."

खरंच थांबले होते. मी घाईघाईनं दाबते. छाती वर येते, खाली जाते. तिची स्वतःची अशी एकही हालचाल त्यात नाही, सगळी माझ्या हातातली. माझा पंजा भरून आलाय, करंगळी सुन्न झालीय.

"हात दुखतोय का?" ती विचारते.

"दुखतोय."

"थोडा वेळ धर अजून. बरं वाटायलंय."

मी धरते. मला तिच्या पापण्या दिसतात, उलट्या. मला तिचा हेवा वाटतो, अजूनही वाटतो, आणि ती पुन्हा कधी कॅन्टीनमधून ओरडत वर येणार नाही हेही कळतं. दोन्ही एकाच ठिकाणी दुखतं. ती असती तर, हे वाक्य आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतः मनात म्हणते आणि पूर्ण करते. ती असती तर ऑपरेशन करायला ती उभी राहिली असती, आणि इथे डोक्याशी मी. दिवसभर भांडलो असतो.

कुठेतरी काहीतरी गुरगुरतंय.

"फोन वाजतोय तुझा," ती उठून बसते. मास्क तिच्या मांडीवर पडतो. "वेळ व्हायलाय. जा."

"काय भरू?"

"मला काय विचारतीस? मला विचारून झोपतीस काय तू?" ती टेबलाच्या दांडीकडे वाकते. पलंगाचीच दांडी ती, माझ्या दोऱ्यांची. "जाताना एक बांधून जातो. तुझ्या हाताचा काय भरवसा नाही."

तिची डावी बोटं हलतात. एकदा अशी, एकदा तशी.

उशीखाली फोन थरथरतोय. चादरीवरची फुलं आता भिंतीवरून खाली जमिनीवर आलीत. पप्पांचा फोन.

"केलं का गं लॉक?"

"करतेय."

"सर्जरीच ना? दुकानात सगळ्यांना सांगून ठेवलंय मी."

मी उठून बसते. डावा पंजा भरून आलाय, झोपेत अंगाखाली आला असेल. "नाही पप्पा," मी म्हणते. "अॅनेस्थेशिया. भूल देण्याचं."

पलीकडे ते कोणाला तरी एक मिनिट थांबायला सांगतात.

"म्हणजे डॉक्टरच ना?"

"डॉक्टरच."

"नाही, ती तुझी मैत्रीण, धनश्री, ती तर सर्जरी..."

"तिनं घेतली असती. मी नाही घेत."

"बरं," ते म्हणतात. मग सोनं तोलताना बोलतात तशा बारीक आवाजात विचारतात, "येतं का पण तुला ते?"

"येतं पप्पा. मला ते फार छान येतं."

फोन ठेवते. पसंतीक्रम उघडते. सर्जरी खाली ओढते, अॅनेस्थेशिया वर नेते आणि बटण दाबते. कालपासून कशाला अडकले होते कोण जाणे.

मग पाय खाली सोडताना मला दोरे दिसतात. सगळे सुटून चादरीवर पडलेत, सरळ, एकही गाठ नसलेले. झोपेत माझ्या पायानं ओढले गेले असतील. माझ्या गाठींना तेवढंही पुरतं. दांडीवर फक्त एक दोरा उरलाय, त्याला लहानशी, बसकी, नीट गाठ.

तीही मीच झोपेत बांधली असेल, असं कोणीही म्हणेल. मला अशी गाठ येत नाही, हे मात्र मी कोणालाही लिहून देईन.

मी दोन्ही टोकं धरून ओढते. सुटत नाही. पाय दांडीला लावून जोरात ओढते, दोरा बोटात रुततो, तरी सुटत नाही. माझ्याच पलंगाला, माझ्याच दोऱ्यानं, आणि चांगली बांधलेली तेवढी हिचीच.

मी खाली वाकून गाठीवर बोट ठेवते.

"परत म्हण की," मी म्हणते.